तळाचे पाणी : नवी मुंबईच्या खाडीवरील गळतीशोध आणि पंपदुरुस्ती

पाण्यात उतरलेली नाव आतून पूर्ण कोरडी राहील अशी अपेक्षा नावेवर काम करणारा माणूस सहसा बाळगत नाही. आत किती पाणी येते, ते कोठून आणि कोणत्या वेळी येते, आणि ते बाहेर काढण्याची सोय त्या वेगाला पुरी पडते की नाही, एवढे मात्र त्याला रोज पाहावे लागते. नावेचा तळ जेथे सर्वांत खोल असतो आणि आत शिरलेले पाणी उतरत उतरत जेथे साचते त्या पोकळीला धक्क्यावर सर्रास 'बिल्ज' म्हणतात, आणि तेथील पाणी बाहेर टाकणारा पंप तो 'बिल्ज पंप'. गळती शोधणे आणि पंप चालता ठेवणे ही दोन कामे एकाच जागी, बहुधा एकाच कारागिराच्या हातून होत असल्यामुळे ती एकच आहेत असे नावमालकांना वाटते. या व्यवसायात मुरलेल्यांचा अनुभव मात्र असा की ती जितकी वेगळी ठेवावीत तितकी दोन्ही नीट होतात, आणि त्यांची गल्लत झाली की उत्तम चालणारा पंपच नावेला धोक्याच्या जवळ नेतो.

हा अनुभव नवी मुंबईच्या किनाऱ्यावर विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण येथे नावांच्या अनेक पिढ्या एकाच खाडीत शेजारी शेजारी उभ्या असतात. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना होऊन ठाणे खाडीच्या पूर्वेला नियोजित शहर उभे राहू लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी, घणसोली या गावांतील कोळी आणि आगरी कुटुंबे खाडीवर मासेमारी करीत आली होती. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटू लागल्या, आणि १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरहून जलटॅक्सीचा आरंभ झाला. त्यामुळे फळ्या जोडून केलेली जुनी होडी, फायबरची नवी होडी, डिझेल इंजिनाची मासेमारी नौका आणि प्रवासी बोट या सर्वांच्या तळाचे पाणी येथील कारागिरापुढे येते, आणि प्रत्येकीच्या गळतीची तऱ्हा वेगळी असल्यामुळे एकीवर शिकलेला धडा दुसरीवर जसाच्या तसा चालत नाही.

या कामावर पहिली हुकमत खाडीचीच असते. मुंबई बंदराच्या परिसरात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या उधाणात पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगात हा फरक पुष्कळच कमी असतो. परिणामी कोळीवाड्याच्या बंदरातली नाव दिवसातून दोनदा चिखलावर बसते आणि दोनदा उचलली जाते. बसताना तिचे वजन पाण्याऐवजी तळाच्या मधल्या लाकडावर आणि एका कुशीवर येते, चिखलात दडलेला दगड किंवा जुनी खुंटी त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचत राहते, आणि सांधे दरवेळी थोडे उघडतात व थोडे मिटतात. खोल पाण्यात कायम तरंगणाऱ्या नावेला हा ताण सोसावा लागत नाही. शिवाय खाडीचा बारीक गाळ जाळ्यांबरोबर, दोरांबरोबर आणि माणसांच्या पायांबरोबर आत येऊन तळाशी बसतो, आणि पंपाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच गाळात असते.

लाकडी नावेची गळती समजून घेण्यासाठी लाकूड आणि पाणी यांचे नाते लक्षात घ्यावे लागते. पाण्यात बुडालेली फळी ओलाव्याने फुगते आणि शेजारच्या फळीवर दाब देऊन सांधा आपोआप घट्ट करते. किनाऱ्यावर ओढलेली फळी हवा दमट असली तरी तेवढा ओलावा धरून ठेवीत नाही, म्हणून ती आकसते आणि सांध्यात फट पडते. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते, नावा वर ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात उतरतात तेव्हा पहिले काही दिवस जवळजवळ प्रत्येक लाकडी नाव थोडीफार गळते. या दिवसांत कारागिराची खरी परीक्षा हाताच्या कौशल्यापेक्षा सबुरीची असते, कारण आकसलेल्या फटीत त्याच वेळी सामान गच्च ठासले तर पुढे फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही आणि ती कडेने दबते किंवा खिळ्यांवरून उचलली जाते. म्हणून पाणी दर भरतीगणिक कमी होत असेल तर वाट पाहायची, आणि आठवडा उलटूनही ते तेवढेच राहिले किंवा वाढले तरच सांध्याला हात घालायचा, असा दंडक जुने कारागीर पाळतात.

सांधा भरण्याचे काम दिसायला सोपे असले तरी त्यातला बराचसा वेळ जुने सामान काढण्यात जातो. फळ्यांमधील फटीत तेलात भिजवलेला कापसाचा पीळ बोथट छन्नीने आणि लाकडी मोगरीने ठासतात, त्यावर राळ आणि तेल यांचे मिश्रण किंवा तत्सम लांबी भरतात, आणि मोगरीच्या आवाजावरून आतील भराव घट्ट बसला की पोकळ राहिला हे ओळखतात. जुना कुजलेला कापूस तसाच ठेवून वरून लांबी फासली तर सांधा बाहेरून नवा दिसतो, पण पाणी त्या कापसातूनच वाट काढीत राहते. सांध्यांच्या या विद्येला मुंबईच्या परिसरात मोठी परंपरा आहे; फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसविण्याची सुरत-मुंबईची पद्धत अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी आवर्जून नोंदविली होती, आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. चांगले सागवान आणि चांगला सांधा किती टिकू शकतो याचा तो पुरावा आहे. मात्र छोट्या होडीला तसे लाकूड परवडत नाही, आणि हलक्या लाकडाला लागणारी टेरेडो ही कीड, जी खरे तर लाकूड पोखरणारा शिंपलावर्गीय जीव असते, बाहेरून टाचणीएवढे भोक ठेवून आतून फळी चाळणीसारखी करते. म्हणून फळीवर मोगरीचा ठोका बद्द वाजला तर सांध्याचा विचार सोडून फळीच बदलावी लागते.

फायबरच्या होडीला सांधे नसतात, त्यामुळे ती गळणारच नाही अशी समजूत रूढ झाली, आणि तिच्या गळत्या उशिरा सापडण्याचे ते एक कारण ठरले. या होडीत पाणी शिरते ते मुख्यतः माणसाने पाडलेल्या भोकांतून: तळाचे पाणी काढून टाकण्यासाठी ठेवलेल्या बुचाचे वॉशर झिजलेले असते, इंजिन थंड ठेवण्यासाठी खाडीचे पाणी आत घेणाऱ्या नळीची क्लिप खालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बाजूने गंजून तुटलेली असते, किंवा पंपाचाच पाया बसविताना घातलेला स्क्रू बाहेरच्या थरापर्यंत गेलेला असतो. आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या आडव्या भिंतीवर टांगतात तिच्या गाभ्यात अनेकदा प्लायवूड असते. बोल्टभोवतीचे सील सुटले की पाणी त्या गाभ्यात मुरते आणि दोन थरांच्या मधून प्रवास करून भलत्याच ठिकाणी बाहेर येते. लाकडी नावेत ओल दिसते त्याच्या आसपास फट सापडण्याची शक्यता तरी असते. फायबरमध्ये पाणी दिसण्याची जागा आणि पाणी शिरण्याची जागा यांत वावभर अंतरही असू शकते.

यांत्रिक नावांच्या तळाचे आणखी एक स्थान असे आहे की तेथे थोडी गळती मुद्दाम राखावी लागते. इंजिनापासून बाहेरच्या पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट नावेच्या अंगातून जेथे बाहेर पडतो तेथे त्याच्याभोवती मेण-चरबीत किंवा ग्रॅफाइटमध्ये मुरवलेल्या दोरीचे वेढे घालून ते नटाने आवळतात. या रचनेला ग्लॅन्ड आणि त्या दोरीला पॅकिंग म्हणतात. फिरणाऱ्या शाफ्टला गारवा आणि वंगण मिळावे म्हणून पारंपरिक ग्लॅन्डमधून इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब पडणे योग्य मानतात. हे थेंब पाहून अस्वस्थ झालेला खलाशी नट पूर्ण आवळतो, पाणी थांबते, आणि काही दिवसांत कोरडी पडलेली दोरी जळून शाफ्टवर चरा पडतो, मग तीच जागा कितीही आवळली तरी धार धरते. पाण्याचे प्रमाण समजावे म्हणून एक हिशेब उपयोगी पडतो: सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला सुमारे १८० मिलिलिटर आणि दिवसाला चार लिटरांच्या थोडे वर पाणी साचते. म्हणजे एवढ्या थेंबांनी नाव बुडत नाही, पण दिवसाला शंभर लिटर साचत असतील तर दोष ग्लॅन्डच्या त्या थेंबांवर ढकलताही येत नाही.

गळतीचा शोध, म्हणूनच, पाहण्याच्या आधी मोजण्यापासून सुरू होतो. तळ पूर्ण उपसून, गाळ खरवडून, फडक्याने टिपून कोरडा केल्याशिवाय अनुभवी कारागीर कोणतेही मत देत नाही, कारण आतल्या बाकदार लाकडांच्या बुडाशी पाणी वाहण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली असली तर प्रत्येक कप्प्यात वेगळे पाणी साचते आणि सर्वच जागा गळत असल्याचा भास होतो. कोरड्या तळावर खडूची पूड भुरभुरविली की पहिली ओल काळसर रेघ होऊन उमटते. ती रेघ वरच्या दिशेने मागे नेत जाणे हा शोधाचा गाभा आहे, आणि तो बहुतेक वेळा इंजिनाच्या कडेने पालथे पडून, एका हातात विजेरी धरून आणि दुसऱ्या हाताची बोटे फटीवरून फिरवीत करावा लागतो, कारण अंधाऱ्या कोपऱ्यातली बारीक धार डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. त्याबरोबर वेळेची विभागणी करायची: नाव उभी असताना पाणी येते की इंजिन चालू केल्यावर, रिकामी असताना की बर्फ, जाळी आणि माणसे चढल्यावर, पाऊस पडल्यानंतर की कोरड्या दिवशीही. केवळ इंजिन चालू असताना येणारे पाणी ग्लॅन्डकडे किंवा पाणी फिरविणाऱ्या नळ्यांकडे बोट दाखविते, आणि केवळ भार चढल्यावर येणारे पाणी नेहमी पाण्यावर राहणाऱ्या एखाद्या वरच्या सांध्याकडे.

पाणी खारे की गोडे हे पाहण्याची जगभरची युक्ती या खाडीत ऋतू पाहून वापरावी लागते. उन्हाळ्यात तळातले पाणी गोडे निघाले तर ते पिण्याच्या टाकीचे किंवा वितळलेल्या बर्फाचे, हे निश्चित म्हणता येते. पावसाळ्यात मात्र डोंगरावरून आणि शहराच्या नाल्यांतून उतरणारे पाणी खाडीचे खारेपण इतके उतरविते की खाडीचे पाणी आणि पावसाचे पाणी यांतील भेद पुसट होतो. त्याऐवजी येथील चिखल स्वतःच शोधाचे साधन होतो. ओहोटीत नाव चिखलावर बसली की तळात बादल्यांनी पाणी ओतून बाहेरून पाहायचे. जेथून पाणी आत येत होते तेथूनच ते आता बाहेर झिरपते, आणि बाहेरचा पृष्ठभाग धुऊन-पुसून कोरडा केला असेल तर ती जागा खडूने नेमकी खुणावता येते. गोदी किंवा उचलयंत्र न लागता होणारी ही परीक्षा भरती परत येईपर्यंतच्या काही तासांत उरकावी लागते, म्हणून कारागिराचा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर आखला जातो.

पंपाचा विचार यानंतर येतो, आणि तो भावनेपेक्षा आकड्यांवर करावा लागतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटर खोलीवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, उदाहरणार्थ इंजिनाकडे पाणी नेणारी एक नळी निसटली, तर त्यातून मिनिटाला सुमारे ६० लिटर, म्हणजे तासाला जवळपास ३,६०० लिटर पाणी आत येते. व्यास दुप्पट झाला तर हा ओघ चौपट होतो. बाजारात '११०० गॅलन प्रतितास' असा शिक्का असलेला पंप मालकाला पुरेसा वाटतो, कारण अमेरिकी गॅलनच्या हिशेबाने ते तासाला सुमारे ४,१६० लिटर होतात. परंतु तो आकडा पाणी उंच न चढविता, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर काढलेला असतो. तळापासून कडेपर्यंत एक-दीड मीटर चढ, नळीची वळणे आणि आतून खरखरीत असलेली लवचीक नळी धरता प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या निम्मेच पाणी बाहेर पडते. शिवाय असा पंप साधारण ४ अँपिअर वीज घेतो असे धरले तर १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील अर्धी वीज सुरक्षितपणे वापरता येईल या अटीवर तो सुमारे १२ तासच चालेल. साचलेले पाणी केवळ वजन वाढवीत नाही. तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो भार, आणि तो भार नाव ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावत जाऊन कल आणखी वाढवितो. पंपाकडून मिळतो तो अवधी. तो अवधी दोष शोधण्यासाठी आणि किनारा गाठण्यासाठी असतो.

पंप बिघडण्याची कारणे मोजकी आणि वारंवार येणारी आहेत. तळाशी बसणाऱ्या विद्युत पंपात पंखा फिरवून पाणी फेकले जाते; त्याच्या बुडाच्या जाळीला गाळ, नायलॉनच्या जाळ्याचे धागे आणि प्लास्टिकच्या पिशव्या चिकटल्या की मोटर फिरते पण पाणी येत नाही, म्हणून पंप उघडण्याआधी जाळी काढून पाहणे ही पहिली पायरी ठरते. पाणी ठरावीक पातळीला आल्यावर पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच तेलकट चिखलाने वरच अडकला तर पंप कोरडा फिरून बॅटरी संपवितो, आणि खाली अडकला तर नाव भरत असतानाही गप्प राहतो. वायरींचे सांधे पाण्याच्या पातळीजवळ ठेवले की तांबे हिरवे पडून आतल्या आत खाल्ले जाते. अशा सांध्यावर दिवा लावून पाहिला तर तो पेटतो, पण पंपाचा भार पडताच दाब कोसळतो, त्यामुळे वीज तपासायची ती पंप चालू असतानाच. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली वायर, उंचावर आणि सील केलेले सांधे, आणि स्वयंचलित पंपाला मुख्य स्विच टाळून फ्यूजमार्फत थेट बॅटरीची जोडणी या तीन गोष्टींवर जाणकार तडजोड करीत नाहीत.

सर्वांत फसवा बिघाड मात्र पंपाच्या बाहेर असतो. पाणी फेकणारे तोंड रिकाम्या नावेत पाण्यापेक्षा वितभर वर दिसते, पण नाव भरली, मागून दबली किंवा एका कुशीवर कलली की ते पाण्याखाली जाते, आणि पंप थांबल्यावर तीच नळी उलट दिशेने खाडीचे पाणी आत ओढू लागते. पंप पुन्हा सुरू होतो, बाहेर टाकलेले पाणी पुन्हा आत येते, आणि अस्तित्वात नसलेली गळती शोधण्यात दिवस जातात. नळीमध्ये झडप बसविण्याचा उपाय सुचविला जातो, परंतु झडप ओघ कमी करते आणि गाळाने अडकते. तोंड उंच घेऊन नळीला कडेपर्यंत चढता वेढा देणे आणि त्याच्या माथ्यावर हवा शिरण्याची वाट ठेवणे हा अधिक भरवशाचा मार्ग अनुभवाने सिद्ध झाला आहे.

तळातले पाणी बाहेर टाकताना ते कोठे पडते याचाही विचार या खाडीत टाळता येत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल नवी मुंबई व उरणकडच्या तिवरांपर्यंत पोहोचले होते आणि त्याची झळ मच्छीमारांनाच बसली होती. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. मोठ्या जहाजांना तळाचे तेलकट पाणी दशलक्ष भागांत १५ भागांहून अधिक तेल असताना सोडता येत नाही. छोट्या नावेवर पाण्यातून तेल वेगळे करणारे यंत्र नसते, म्हणून इंजिनाखाली वेगळी परात ठेवणे आणि तेल शोषणारे कापड तळात टाकून ते किनाऱ्यावर आणणे एवढे तरी करता येते. त्यात कारागिराचाही फायदा असतो, कारण स्वच्छ तळावर नवी गळती त्याच दिवशी दिसते.

स्वयंचलित पंपाविषयीची जुन्या तांडेलांची, म्हणजे नावेच्या प्रमुखांची, नाराजी गळती वेळीच दिसण्याच्या याच संदर्भात समजून घ्यावी लागते. हाताने पाणी उपसणाऱ्या खलाशाला काल दहा बादल्या निघाल्या आणि आज पंधरा, हे हातांच्या शिणावरूनच कळत असे. स्वयंचलित पंप तो फरक कोणाच्याही नजरेला न येऊ देता भरून काढतो, आणि गळती पंपाच्या शक्तीबाहेर जाते त्या दिवशीच ती प्रथम जाहीर होते. गळती वाढल्यावर 'मोठा पंप लावून द्या' ही मालकाची मागणी खर्चाच्या आणि हंगामाच्या घाईने समजण्यासारखी असली, तरी ती मान्य करणारा कारागीर रोगाचे लक्षणच झाकीत असतो. ज्या नावांवर पंप किती वेळा सुरू झाला याची वही ठेवतात, किंवा दर भरतीला पाण्याची पातळी आतल्या लाकडावर पेन्सिलीने खुणावतात, तेथे यंत्राची सोय आणि जुने मोजमाप दोन्ही साधतात, आणि तांडेल बदलला तरी नावेचा इतिहास तिच्याबरोबर राहतो.

या सर्व अनुभवातून दुरुस्तीच्या शेवटी घ्यावयाच्या दोन स्वतंत्र कसोट्या निष्पन्न होतात. पहिली नावेची: पंप बंद ठेवून, कोणीतरी नावेवर जागे राहून, निदान दोन भरत्या आणि मधली चिखलावरची बैठक जाऊ द्यायची आणि पातळी आधीच्या खुणेशी ताडून पाहायची. दुसरी पंपाची: तळात मोजून १०० लिटर पाणी ओतून ते बाहेर पडायला लागणारा वेळ पाहायचा, ११०० गॅलनच्या पंपाला शिक्क्याप्रमाणे दीड मिनिट लागावे, प्रत्यक्षात तीन मिनिटे लागली तर ते चालण्यासारखे, आणि पाच मिनिटे लागली तर जाळी, नळी किंवा वायर यांत कोठेतरी दोष उरलेला आहे. एका कसोटीत उतरलेली नाव दुसरीतही उतरली असे गृहीत धरता येत नाही, आणि दोन्ही आकडे वहीत तारीख-तिथीसह लिहिल्यावरच हे काम मालकाच्या ताब्यात देण्याजोगे होते.